बगच्या हयातीचा दाखला

सॉफ्टवेअरच्या दुनियेत 'स्टेल बॉट'इतकं गोड बोलणारं दुसरं कुणी नसेल. तुम्ही एखाद्या प्रोग्रॅममधली चूक, म्हणजे बग, शोधता. ती कधी होते, कशी होते, कुठल्या आवृत्तीत होते, सगळं ओळीनं लिहिता. स्क्रीनशॉट जोडता. 'ही तक्रार आधी कुणी केलेली नाही याची मी खात्री केली आहे' या वाक्यापुढच्या चौकोनात, तशी खात्री खरोखरच करून, खूण करता. मग तिकडून काहीही येत नाही. आठवडे जातात. आणि एका सकाळी मेल येते, की तुमच्या इश्यूवर, म्हणजे तक्रारीच्या नोंदीवर, नवी कॉमेंट आली आहे. उघडून बघावं तर मजकूर साधारण असा: या इश्यूवर बऱ्याच दिवसांत हालचाल झालेली नाही, सबब तो शिळा झाल्याची नोंद घेण्यात आली आहे, हीच स्थिती राहिल्यास तो बंद करण्यात येईल, आपल्या योगदानाबद्दल धन्यवाद.

हालचाल कुणी करायची होती, हे विचारायची सोय नसते. तुमच्या बाजूनं करण्यासारखं काही उरलेलं नसतं. चूक दाखवून झालेली असते, आता ती दुरुस्त करणाऱ्यानं हलायचं. तो हलला नाही, म्हणून तुमचा अर्ज निकाली. आणि वर धन्यवाद.

प्रोग्रॅमचा कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर हा बॉट रुजला तेव्हा त्याचे ठरीव आकडे होते ६० आणि ७. साठ दिवस कुणी काही बोललं नाही तर शिक्का, त्यापुढे सात दिवस कुणी काही बोललं नाही तर इश्यू बंद. पुढे तेच काम गिटहबच्या 'ॲक्शन्स'मध्ये आलं. बॉटचं घर बदललं, आकडे तेच राहिले. ज्यांना हवेत त्यांना ते बदलता येतात. पण सोसायटीच्या लिफ्टमधल्या पंख्याचा वेग जसा कुणी बदलत नाही, तसे हेही फारसं कुणी बदलत नाही.

आपल्याकडे या वागणुकीचा सराव आहे तो पेन्शनरांना. दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यायचा. मागच्या नोव्हेंबरात जिवंत होतात, हा या नोव्हेंबरात जिवंत असल्याचा पुरावा होत नाही. पण पेन्शनरावर घेतलेल्या या संशयाला निसर्गनियमाचा थोडा तरी आधार आहे. माणूस खरंच कधीतरी जातो. बगचं तसं नसतं. कोडला कुणी हात लावला नाही, तर कोडमधली चूक आहे तिथे, आहे तशी, ठणठणीत राहते. तिला वय नाही, आजार नाही, कंटाळाही नाही. कंटाळा येतो तो तक्रार करणाऱ्याला. बॉट मोजतो तो हाच कंटाळा, आणि बगच्या मृत्यूचं कारण म्हणून नोंदवतोही तोच.

कुबरनेटीस या बड्या प्रकल्पात तर मरणाच्या पायऱ्या ठरवून दिलेल्या आहेत. नव्वद दिवस शांतता राहिली की इश्यू 'स्टेल'. आणखी तीस दिवसांनी 'रॉटन', म्हणजे सरळ नासका. त्यानंतर आणखी तीस दिवसांनी बंद. मधल्या काळात तुम्ही 'रिमूव्ह-लाइफसायकल स्टेल' अशी आज्ञा लिहिलीत तर इश्यू पुन्हा ताजा होतो, आणि नव्वद दिवसांचं मीटर पहिल्यापासून सुरू होतं. 'फ्रोझन' असं लेबल लावून घेतलं तर बॉट त्याला हातच लावत नाही. शिळं, नासकं आणि गोठवलेलं या तीन अवस्थांमधून जाताना मूळ पदार्थ काय होता, याची चौकशी मात्र कुणी करत नाही. तरी या प्रकल्पाचं एक मला आवडतं. सगळ्या इश्यूंना उत्तरं द्यायला आमच्याकडे पुरेशी माणसं नाहीत, हे त्यांचा बॉट स्पष्ट सांगून टाकतो. माणसांना हे सांगणं जमत नाही, म्हणून यंत्राकडून वदवून घेतलं असेल. पण खरं आहे ते सांगितलं.

आता इश्यू जगवायचा तर काय करायचं? बोलत राहायचं. काय बोलता याला महत्त्व नाही. 'अजून आहे', 'माझ्याकडेही', 'काही प्रगती?', नुसतं 'बंप', काहीही चालतं. बॉट वाचत नाही, तारीख बघतो. इथे सभ्य माणसांची मोठी पंचाईत झालेली आहे. पूर्वी लोक इश्यूखाली नुसतं 'प्लस वन' लिहून जायचे. प्रत्येक प्लस वनची मेल इश्यूशी संबंधित सगळ्यांना जायची, आणि प्रकल्प सांभाळणारे मेंटेनर वैतागायचे. २०१६ च्या जानेवारीत पुष्कळ मेंटेनरांनी मिळून गिटहबला जाहीर पत्र लिहिलं, त्यात हे एक गाऱ्हाणं होतं. मार्चमध्ये गिटहबनं अंगठा, बदाम वगैरे चिन्हांची सोय केली. सगळ्यांना विनंती झाली, की बाबांनो, प्लस वन लिहू नका, गुपचूप अंगठा द्या. समजूतदार लोकांनी ऐकलं. पण अंगठ्यामुळे इश्यूची 'शेवटची हालचाल' ही तारीख बदलत नाही. म्हणजे दोनशे सभ्य लोकांनी अंगठे दिले तरी बॉटच्या दृष्टीनं तो इश्यू मेलेला, आणि एका भांडकुदळानं दर सात आठवड्यांनी 'अरे काय चाललंय काय?' असं विचारलं तर तो इश्यू तरणाताठा. बॉटला उत्तर देण्यासाठी स्वतःचा छोटा बॉट लिहून ठेवणारेही आहेत. एक यंत्र विचारतं, जिवंत आहे का? दुसरं म्हणतं, आहे. पहिलं शिक्का पुसतं. दोन्हीकडची माणसं तोवर जेवायला गेलेली असतात.

उबुंटू या लिनक्स प्रणालीचं काम लाँचपॅड या संकेतस्थळावर चालतं. तिथे बंद करणाऱ्याला नावही साजेसं दिलेलं आहे: लाँचपॅड जॅनिटर. हा झाडूवाला ऊठसूट कुठलाही रिपोर्ट झाडत नाही. आधी कुणीतरी त्यावर 'इन्कम्प्लीट', म्हणजे माहिती अपुरी, असा शेरा मारावा लागतो. त्यानंतर साठ दिवस कुणी फिरकलं नाही, की जॅनिटर येऊन मुदत संपल्याची एक ओळ लिहितो आणि जातो. नियम वाजवी वाटतो. आता याच लाँचपॅडवरची एक प्रसिद्ध तक्रार बघा.

२००९ च्या सुमारास एका गृहस्थानं लिहिलं, की ओपनऑफिसमधून मंगळवारी प्रिंट निघत नाही, अशी आपल्या पत्नीची तक्रार आहे. मंगळवारी! अशी तक्रार हाती आली तर मेंटेनर कशाला, सख्खा भाऊसुद्धा 'माहिती अपुरी' असंच म्हणेल. आपल्याकडे असतं तर प्रिंटरला मंगळवारचा उपवास आहे म्हणून आपण सोडून दिलं असतं आणि बुधवारी छापलं असतं. हे बुधवारी छापणंच घातक. कारण तक्रार मंगळवारी येणार, तपासणारा ती फावल्या वेळात बुधवारी बघणार, त्याच्याकडे प्रिंट खणखणीत निघणार. तो ड्रायव्हर काढून पुन्हा टाकायला सांगणार. तुम्ही ते कराल तेव्हा गुरुवार असेल, प्रिंट निघेल. ड्रायव्हर पुन्हा टाकल्यामुळे दुरुस्त झालं, अशी नोंद होणार आणि सगळे सुखानं झोपणार. सोमवारपर्यंत.

बाईंचं निरीक्षण तंतोतंत खरं निघालं. युनिक्सच्या घराण्यात 'फाईल' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आहे. दिलेली फाईल कुठल्या प्रकारची आहे हे तो तिच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून ओळखतो. छपाईसाठी तयार होणाऱ्या फाईलमध्ये त्या दिवसाची तारीख लिहिली जायची, वारासकट. आणि 'फाईल'च्या ओळखयादीत एर्लांग या भाषेच्या एका जुन्या प्रकारच्या फाईलची खूण म्हणून एक तारीख नोंदवलेली होती: मंगळवार, २२ जानेवारी १९९१. ती नोंद करताना शब्दांमधल्या मोकळ्या जागा नीट बांधून घ्यायच्या राहिल्या. त्यामुळे अख्खी तारीख जुळवून बघण्याऐवजी प्रोग्रॅम पहिला शब्दच बघायचा, तो म्हणजे इंग्रजी मंगळवारची पहिली तीन अक्षरं. मंगळवार दिसला की निदान ठरलेलं: ही एर्लांगची फाईल, छापायची नाही. एका घरातला प्रिंटर अडत होता तो १९९१ सालच्या एका मंगळवारामुळे. हे शोधून काढायला कुणीतरी रिपोर्ट उघडा ठेवावा लागतो, आणि 'मंगळवारी' या शब्दावर हसून झाल्यावर पुढच्या मंगळवारपर्यंत थांबावं लागतं. साठ दिवसांत मंगळवार निदान आठ तरी येतात, हे त्या बाईंचं नशीब.

ज्या बगचा वार वर्षातून एकदा येतो त्यानं काय करावं? किंवा चार वर्षांतून एकदा? मायक्रोसॉफ्टचं झ्यून नावाचं गाणी ऐकायचं यंत्र होतं. त्यातली तीस जीबीची यंत्रं ३१ डिसेंबर २००८ ला एकाच दिवशी ठप्प झाली. २००८ हे लीप वर्ष. वर्षाचा ३६६ वा दिवस उजाडला आणि तारीख काढणारं कोड गोल गोल फिरत बसलं, त्याला बाहेर पडायची वाटच नव्हती. कंपनीनं उपाय सांगितला तो असा: बॅटरी पूर्ण उतरू द्या, एक जानेवारीची दुपार होऊ द्या, मग चार्ज करून सुरू करा. आणि खरोखरच सगळी यंत्रं सुरू झाली. स्टेल बॉटच्या तत्त्वज्ञानाचा एवढा दणदणीत विजय दुसरा झालेला नाही. हा बग कुणी गिटहबवर नोंदवला असता, तर मार्चच्या सुरुवातीला तो रीतसर बंद झाला असता, बंद करताना कुणाचीच हरकत आली नसती, आणि पुढची तक्रार ३१ डिसेंबर २०१२ च्या सकाळी आली असती.

फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीची पद्धत निराळी. तिथे दर सहा महिन्यांच्या आसपास नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येक आवृत्तीचा सांभाळ साधारण तेरा महिने होतो. आवृत्तीचं आयुष्य संपलं, की तिच्या नावावर नोंदलेले सगळे उघडे बग एका झटक्यात बंद. संपण्याआधी सूचना येते: हा दोष नव्या आवृत्तीतही असेल तर आवृत्तीचा आकडा बदला. तो तुम्ही वर्षानुवर्षं बदलत राहू शकता. असा एखादा निष्ठावंत इश्यू उघडून बघितला, तर चर्चा दिसत नाही, नुसते चढते आकडे दिसतात. इमारत पाडली म्हणजे गळती संपली, हा यातला हिशोब. २००३ साली जेमी झविन्स्की या नेटस्केपच्या जुन्या प्रोग्रॅमरनं ग्नोम प्रकल्पाच्या बाबतीत अगदी याच गोष्टीवर तोंडसुख घेतलं होतं. आपण नोंदवलेले बग कुणी वाचतसुद्धा नाही. काही काळानं सगळं कोड नव्यानं लिहिलं जातं. मग 'जुनं कोड आता नाही, नव्यात तपासून सांगा' म्हणून सगळे बग एकगठ्ठा बंद होतात, आणि नव्या कोडात तेच बग नव्यानं जन्माला येतात. या कार्यपद्धतीला त्यानं दिलेल्या नावाचा आशय असा, की लक्ष न टिकणाऱ्या पोरांची ही एकामागून एक येणारी लाट आहे. नाव झोंबलं, म्हणून टिकलं.

तरीही मला मेंटेनरांचा राग धरता येत नाही. दिवसा नोकरी, रात्री पोरांचा अभ्यास आणि त्यानंतर उरलेल्या तासाभरात फुकट केलेलं काम, यावर अर्ध्या जगाचं सॉफ्टवेअर उभं आहे. त्या तासाभरात मेंटेनरसमोर चार हजार उघडे इश्यू असतात. त्यातल्या काहींचं शीर्षक 'चालत नाही' एवढंच असतं आणि खालचा मजकूर त्याहून कमी. 'कुठली आवृत्ती?' असं विचारलं की लेखक अंतर्धान. अशा वेळी आकडा कमी करून देणारा बॉट कुणाला नको असेल? तो बगचा आकडा कमी करत नाही, बगच्या यादीचा करतो, हे मेंटेनरलाही ठाऊक असतं. पण रात्री साडेअकराला माणसाला यादीच दिसत असते. माझी हरकत एवढीच, की 'हे आम्ही करणार नाही' असं लिहायला एक ओळ लागते आणि ती ओळ वाचून तक्रारदाराला राग आला तरी उत्तर मिळतं. बॉटच्या धन्यवादात ते मिळत नाही.

कोड लिहिण्याचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या व्हीएस कोडवाल्यांनी निदान मतदान ठेवलं आहे. कुणी नवी सोय मागितली आणि ती त्यांनी विचारार्थ घेतली, की साठ दिवसांची मुदत सुरू होते. तेवढ्यात वीस अंगठे मिळाले तर मागणी कामांच्या यादीत जाते, नाहीतर अनामत जप्त. इथे अंगठा मोजला जातो ही सुधारणाच म्हणायची. पण वीस माणसं गोळा करणं वाटतं तितकं सोपं नाही, विशेषतः मागणी मराठीपुरती असेल तर.

कुठल्याही प्रोग्रॅममध्ये 'आचाऱ्यांना' असं लिहून बघा. हा 'ऱ्य' मराठीला रोज लागतो, हिंदीला लागत नाही. देवनागरी म्हणजे हिंदी असं धरून बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये तो कधी फुटतो, कधी त्याचे दोन तुकडे होतात, आणि कधी गुपचूप त्याचा 'र्य' होतो. मग लग्नाच्या जेवणाचं बिल आचार्यांना दिल्याची नोंद होते आणि दऱ्याखोऱ्यांतली सहल दर्यात जाते. युनिकोडमध्ये याची व्यवस्था आहे. ती पाळली गेली नाही तर आपल्या लेखी तो बग असतो, पलीकडच्या मेंटेनरच्या लेखी ती 'नवी सोय'. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींच्या वर होते. एवढ्यांतून वीस अंगठे निघू नयेत? निघत नाहीत. कारण मराठी माणूस अशा वेळी बग नोंदवत नाही, पर्याय काढतो. तो 'आचाऱ्यांना' काढून 'स्वयंपाकी मंडळींना' लिहितो. डीटीपीवाला जुन्याच फाँटमध्ये मजकूर बसवून त्याची पीडीएफ पाठवतो. उरलेले पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतात. तिकडे कुणा एकानं मनावर घेऊन नोंदवलेला इश्यू हालचालीची वाट बघत पडून असतो, आणि आपण आठ कोटी लोक मुकाट्यानं वाक्यरचना बदलत असतो.

एकदा बंद झालेला इश्यू पुन्हा उघडण्याचं शास्त्रही बघण्यासारखं आहे. पुष्कळ प्रकल्पांत बंद इश्यूला काही दिवसांनी कुलूप लागतं. त्याखाली लिहिता येत नाही. तिथे पाटी असते, की त्रास अजून होत असेल तर नवा इश्यू नोंदवा. तुम्ही नवा नोंदवता. दोन तासांत, आणि या वेळी खऱ्याखुऱ्या माणसाकडून, उत्तर येतं: ही तक्रार आधीच नोंदवलेली आहे, 'ड्युप्लिकेट' म्हणून बंद करत आहोत, जुना इश्यू बघा. जुना बघावा तर त्याला कुलूप. त्या कुलपावर पाटी, की नवा नोंदवा. सरकारी कचेरीतसुद्धा या दोन टेबलांच्या मध्ये निदान एक शिपाई बसलेला असतो.

बॉटच्या तावडीतून सुटून म्हातारे झालेले बगही आहेत. उबुंटूचा बग क्रमांक एक खुद्द संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी २० ऑगस्ट २००४ ला नोंदवला होता. दोष काय, तर बाजारात मायक्रोसॉफ्टचा वाटा सगळ्यात मोठा आहे. तो जवळपास नऊ वर्षं उघडा राहिला आणि २०१३ च्या मेमध्ये शटलवर्थ यांनी स्वतःच्या हातानं बंद केला, कारण तोवर लोक फोनवर गेले होते आणि बाजाराचा नकाशाच पालटला होता. दोष उबुंटूनं दुरुस्त केला असं काही म्हणता येत नाही. मालकाच्या रिपोर्टला 'माहिती अपुरी' असा शेरा मारायला मात्र छाती लागते. फायरफॉक्समध्ये माऊस एखाद्या गोष्टीवर ठेवला की उमटणारी छोटी पाटी, कीबोर्डवरून दुसऱ्या खिडकीत गेलं तरी तिथेच लोंबत राहायची. ही तक्रार नोंदली २००२ मध्ये आणि मिटली २०२३ मध्ये. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ११४७२ क्रमांकाच्या बगची जन्मतारीख जून २००५. एका तक्त्यातल्या ओळी दुसऱ्यामुळे आपोआप बदलल्या की त्यावरचे ट्रिगर चालत नाहीत, ही ती व्यथा. लोक त्याच्या पानावर येऊन त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा देत आले. २०२३ मध्ये तो मतदानाच्या वयाचा झाला. त्याच्या वाढदिवसाला जमणारी माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, पण सगळ्यांना एकच जागा दुखते, त्यामुळे तिथलं वातावरण घरगुती असतं.

आणि मग डोनल्ड क्नूथ. गणिताची पुस्तकं ज्यात देखणी जुळवली जातात, ते 'टेक' त्यांनी लिहिलं. त्यांच्या पुस्तकातली चूक पहिल्यांदा दाखवणाऱ्याला दोन डॉलर छप्पन सेंट बक्षीस देण्याची त्यांची प्रथा आहे. पूर्वी ते खरा चेक पाठवायचे. २००८ पासून सॅन सेरिफ या काल्पनिक देशातल्या बँकेचं प्रमाणपत्र पाठवतात. ते ईमेल वापरत नाहीत. १९९० च्या पहिल्या दिवशी त्यांनी ते सोडलं. टेकचे बग ते काही वर्षांतून एकदा एकत्र बघतात. २००८ ला बघितले, मग २०१४ ला, मग २०२१ ला. पुढची पाळी २०२९ मध्ये, तेव्हा क्नूथ ९१ वर्षांचे असतील. आज तुम्ही टेकमधली चूक कळवलीत तर तोवर थांबायचं. मध्ये कुणी धन्यवाद म्हणत नाही, शिक्का मारत नाही, 'अजून होतंय का?' असं विचारत नाही. चूक आहे तर आहे.

सगळे बग कायमचे बंद करायची व्यवस्थाही क्नूथ यांनी करून ठेवली आहे. टेकच्या आवृत्तीचा आकडा दर दुरुस्तीला 'पाय'च्या एकेक दशांश स्थळानं जवळ सरकतो. सध्या तो ३.१४१५९२६५३ आहे. आपण गेल्यावर तो आकडा थेट 'पाय' करावा, कोडला पुन्हा हात लावू नये आणि जे बग शिल्लक असतील त्यांना तिथून पुढे वैशिष्ट्यं मानावं, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. त्यानंतर कुणाला टेकमध्ये चूक सापडली, तर ती नोंदवता येणार नाही, वापरता येईल.